नवा कर्नल आला आणि संगणक अडला: वाचकांचे प्रश्न, उत्तरे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंटवर अपडेट घेतले, मशीन रिस्टार्ट केले आणि ते परत सुरूच झाले नाही. बहुतेक पत्रांत पुढचे वाक्यही सारखेच आहे: 'दुकानात फॉरमॅट मारायला सांगितले आहे.' कृपया फॉरमॅट मारू नका. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा असलेला प्रोग्राम. नवा कर्नल बसवताना ही सिस्टीम जुना कर्नल लगेच काढून टाकत नाही. तो डिस्कवरच असतो आणि मेनूतून निवडला की सहसा मशीन पूर्वीसारखे सुरू होते. तुमच्या फायलींना तर कर्नलच्या अपडेटने हातही लावलेला नसतो.

आज्ञांविषयी एक सूचना. त्या देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी स्मॉल अक्षरे आणि इंग्रजी आकडे वापरा. तिरक्या रेघा, जोडरेघा आणि मोकळ्या जागा छापल्या आहेत तशाच ठेवा. 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ. 'इनिटरॅमएफएस' हा शब्द आय-एन-आय-टी, मग आर-ए-एम, मग एफ-एस असा सलग लिहायचा. जिथे कॅपिटल अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न: आमचे ऑनलाइन अर्ज भरण्याचे केंद्र आहे. उबुंटू २४.०४ वर अपडेट चालू असताना लाइट गेली. आता मशीन लावले की 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' असे येऊन सगळे थांबते. हार्ड डिस्क गेली असे सांगितले जाते. लोकांची स्कॅन केलेली कागदपत्रे आत आहेत. काय करावे?
– एक वाचक, कराड

डिस्क गेलेली नाही असे जवळजवळ खात्रीने म्हणता येईल, आणि त्याचा पुरावा त्या संदेशातच आहे. 'पॅनिक' झाला तो कर्नल, आणि हा कर्नल ग्रबने (मशीन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) त्याच डिस्कवरून वाचून मेमरीत आणला. डिस्क मेली असती तर हा संदेश छापायलाही कोणी उरले नसते.

मशीन सुरू होताना काय घडते ते पाहा. आधी मदरबोर्डचे फर्मवेअर, मग ग्रब. ग्रब दोन फायली मेमरीत चढवतो: 'व्हीएमलिनझ' हा स्वतः कर्नल, आणि 'इनिटआरडी' हे त्याच्यासोबतचे गाठोडे. या गाठोड्यात डिस्कचे ड्रायव्हर आणि काही छोटे प्रोग्राम असतात. उबुंटूत मुख्य पार्टिशनची ओळख यूयूआयडी या लांबलचक क्रमांकाने दिलेली असते. फाइलसिस्टीमचा हा यूयूआयडी कर्नलला एकट्याने शोधता येत नाही. ते काम गाठोड्यातले प्रोग्राम करतात. गाठोडे नसेल किंवा अर्धवट असेल तर कर्नलच्या हाती एकही डिस्क लागत नाही. कंसातल्या दोन शून्यांचा अर्थ तेवढाच.

व्हीएमलिनझ तयार स्वरूपात डाउनलोड होऊन येतो. इनिटआरडी मात्र तुमच्याच मशीनवर, अपडेटच्या शेवटी, बांधली जाते. जुन्या फिरत्या डिस्कवर त्याला काही मिनिटे लागतात. त्याच वेळी लाइट गेली तर फाइल अपुरी राहते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे /बूट हे वेगळे, लहान पार्टिशन भरून जाणे. डिस्क एन्क्रिप्ट करून उबुंटू टाकले असेल तर /बूट वेगळेच असते.

आता दुरुस्ती. मशीन चालू करा. यूईएफआय मशीनवर कंपनीचा लोगो जाताच एस्केप कळ एकदाच दाबा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. एस्केप जास्त वेळा दाबली गेली तर नुसता 'ग्रब>' असा पडदा येतो. घाबरू नका, 'नॉर्मल' टाइप करून एंटर दाबा आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप. मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू' निवडा. तिथे प्रत्येक कर्नलच्या दोन ओळी असतात, एक साधी आणि एक रिकव्हरी मोडची. वरून दुसऱ्या क्रमांकाच्या आवृत्तीची साधी ओळ निवडा. मशीन सुरू झाले की कुठलीही दुरुस्ती करण्याआधी कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.

मग टर्मिनल उघडा. 'यूनेम -आर' ही आज्ञा दिली की आत्ता चालू असलेल्या कर्नलची आवृत्ती दिसते. ती कागदावर लिहा, कारण हिला हात लावायचा नाही. 'डीएफ -एच /बूट' ने जागा किती उरली ते कळते. 'एलएस -एलएच /बूट' ने फायली दिसतात. प्रत्येक आवृत्तीचा व्हीएमलिनझ आणि त्याच आवृत्तीची इनिटआरडी अशी जोडी हवी. व्हीएमलिनझ साधारण १५ एमबीचा असतो. इनिटआरडी मशीनप्रमाणे ७० ते १५० एमबीच्या आसपास असते. नव्या आवृत्तीची इनिटआरडी नसेल, शून्य आकाराची असेल किंवा जुनीपेक्षा बरीच लहान असेल, तर दोष सापडला.

जागा असेल तर काम सोपे आहे. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा अर्धवट राहिलेले पॅकेज पुरे करते. त्यानंतर 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के' लिहून मोकळी जागा सोडा आणि नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती लिहा, उदाहरणार्थ '६.८.०-५१-जेनेरिक' (तुमचा आकडा वेगळा असेल). फाइल आधीच आहे अशी तक्रार आली तर '-सी' ऐवजी '-यू' द्या. शेवटी 'सुडो अपडेट-ग्रब'. पुन्हा 'एलएस' करून आकार तपासा आणि मगच रिस्टार्ट करा.

जागा १०० टक्के भरली असेल तर आधी 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' करून पाहा. अडकलेल्या पॅकेजमुळे एपीटी नकार देत असेल तर डीपीकेजीनेच सर्वांत जुना कर्नल काढावा लागतो. 'डीपीकेजी -एल' च्या यादीत त्या जुन्या आवृत्तीची 'लिनक्स-इमेज', 'लिनक्स-मॉड्यूल्स' आणि असल्यास 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' ही पॅकेजे दिसतील. ती एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून 'सुडो डीपीकेजी --पर्ज' पुढे तिन्हींची पूर्ण नावे एकाच ओळीत द्या. कागदावर लिहिलेली आवृत्ती त्यात नाही ना, हे दोनदा वाचा. /बूटमधल्या फायली हाताने डिलीट करणे टाळा. फाइल जाते, पण ती आहे अशीच पॅकेजच्या नोंदवहीत नोंद राहते आणि पुढच्या अपडेटला गुंता वाढतो.

/बूट लहानच असेल तर '/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ' या फायलीत 'मॉड्यूल्स=मोस्ट' ऐवजी 'मॉड्यूल्स=डेप' असे करता येते; मॉड्यूल्स हा शब्द कॅपिटल अक्षरांत. मग फक्त या मशीनला लागणारे ड्रायव्हर गाठोड्यात जातात आणि ते बरेच आटोपशीर होते. पण ही डिस्क उद्या दुसऱ्या मदरबोर्डवर लावली तर ती सुरू होईलच असे नाही. केंद्रातल्या मशीनचे भाग अदलाबदल होत असतील तर हा मार्ग घेऊ नका.

जुना कर्नलही मेनूत नसेल तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर त्याच आवृत्तीचा उबुंटू घेऊन त्यावरून 'ट्राय उबुंटू' ने सुरुवात करा. 'एलएसबीएलके' ने मुख्य पार्टिशन ओळखा आणि ते '/एमएनटी' वर माउंट करा. /बूट वेगळे असेल तर ते '/एमएनटी/बूट' वर, आणि ईएफआय पार्टिशन '/एमएनटी/बूट/ईएफआय' वर. मग '/डेव्ह', '/प्रोक' आणि '/सिस' या तिन्हींना 'सुडो माउंट --बाइंड' ने '/एमएनटी' खालच्या त्याच नावांवर जोडा आणि 'सुडो सीएचरूट /एमएनटी' करा. आत गेल्यावर वरच्याच आज्ञा. इथे दोन चुका हमखास होतात. /बूट माउंट करायचे राहते, आणि नवी इनिटआरडी मुख्य पार्टिशनवरच्या एका रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. दुसरी चूक: आत असताना 'यूनेम -आर' पेनड्राइव्हवरच्या कर्नलची आवृत्ती दाखवते, आणि तीच आवृत्ती आज्ञेत दिली जाते. द्यायची ती '/लिब/मॉड्यूल्स' मधल्या फोल्डरच्या नावाची. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर या सगळ्याआधी ती फाइल मॅनेजरमधून पासवर्ड देऊन उघडावी लागते.

लाइटचा बंदोबस्तही करा. घरगुती इन्व्हर्टरवर संगणक चालवत असाल तर त्याच्या मागे यूपीएस आणि ईको असे स्विच बहुधा असते. ईको मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ संगणकाला पेलत नाही आणि तो रिस्टार्ट होतो. स्विच यूपीएसवर ठेवा. आणि वळवाच्या पावसाचे ढग भरून आले असतील त्या संध्याकाळी अपडेट उद्यावर ढकला.

प्रश्न: फोटो स्टुडिओत उबुंटू २२.०४ आणि एनव्हिडियाचे जीटी ७१० कार्ड आहे. अपडेटनंतर लोगो दिसतो, मग पडदा काळाच. डिस्कचा दिवा मात्र लुकलुकत राहतो. कार्ड जळाले का?
– एक वाचक, मिरज

लोगो दिसतो आहे, म्हणजे कार्ड चित्र दाखवते आहे. दिवा लुकलुकतो आहे, म्हणजे सिस्टीमही आत चालू झाली आहे. नव्या कर्नलला एनव्हिडियाचा ड्रायव्हर मिळालेला नाही, एवढेच.

हा ड्रायव्हर कर्नलचा भाग नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) वेगळे हवे असते: एकतर उबुंटूने तयार करून दिलेले, नाहीतर डीकेएमएस या यंत्रणेने तुमच्या मशीनवर बांधलेले. ते बांधले गेले नाही की पडदा काळा.

ग्रबच्या मेनूत पहिल्या ओळीवर उभे राहून ई दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' दिसेल. त्यापुढे जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरता असतो. पडदा कमी रिझोल्यूशनचा दिसेल, पण दिसेल. नाहीच दिसला तर कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून अक्षरी लॉगिन मिळवा.

'डीकेएमएस स्टेटस' द्या. नव्या आवृत्तीपुढे 'इन्स्टॉल्ड' हवे. 'अॅडेड' असेल किंवा ती आवृत्ती यादीतच नसेल तर मॉड्यूल बांधले गेलेले नाही. पहिला संशय हेडरवर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फायलींवर) घ्या. 'लिनक्स-हेडर्स-' पुढे नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती लावून ते पॅकेज 'सुडो एपीटी इन्स्टॉल' ने टाका. बऱ्याचदा त्यासोबतच मॉड्यूल बांधायला सुरुवात होते. तरीही अडले तर '/व्हार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया' खाली आवृत्तीच्या फोल्डरमध्ये, 'बिल्ड' च्या आत 'मेक.लॉग' असते. तिचा शेवट वाचा. २२.०४ वर ६.५ पासूनचे नवे कर्नल जीसीसी-१२ या कंपायलरने बनवलेले आहेत, तर २२.०४ चा नेहमीचा कंपायलर जीसीसी-११ आहे. लॉगमध्ये 'एफट्रिव्हिअल-ऑटो-व्हार-इनिट' हा पर्याय ओळखता आला नाही अशी तक्रार दिसली तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२' करा आणि 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' पुन्हा चालवा.

मॉड्यूल 'इन्स्टॉल्ड' दिसते आणि तरी चढत नाही, असेही होते. 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' दिल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आले तर अडवणारे सिक्युअर बूट (मान्य सही नसलेले काही चढू न देणारी फर्मवेअरची सोय) आहे. 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एन्रोल-की' ने पासवर्ड ठरवा आणि रिस्टार्ट करा. निळा पडदा येतो, तिथे 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा निळा पडदा १० सेकंदांत निघून जातो. अनेकांचे काम नेमके इथे हुकते, म्हणून रिस्टार्ट करताना पडद्यासमोरच बसा.

तुमच्या कार्डाबाबत एक स्पष्ट गोष्ट. जीटी ७१० केप्लर पिढीचे आहे. त्याला चालणारी शेवटची ड्रायव्हर-मालिका ४७० आहे आणि एनव्हिडियाने ती २०२४ मध्ये थांबवली. जसजसे कर्नल नवे होतील तसतसे हे मॉड्यूल बांधणे अवघड होत जाणार. २२.०४ चा मूळ ५.१५ कर्नल तुम्हाला जास्त योग्य आहे. त्याला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षा-अपडेट आहेत. 'सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक' करून ५.१५ आणा, मेनूतून तो निवडून सुरू करा, सगळे नीट चालले की 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' (नवे कर्नल आणणारे पॅकेज) आणि त्याच नावाची इमेज व हेडरची पॅकेजे काढा. लग्नसराई संपेपर्यंत तेवढे पुरेल. पुढे मात्र कार्ड बदलण्याची तजवीज ठेवा.

प्रश्न: शाळेच्या संगणक कक्षात १० जुनी मशीन आहेत. सुट्टीनंतर सगळ्यांवर अपडेट घेतले. दोन मशीन 'बिझीबॉक्स' असे दाखवून 'इनिटरॅमएफएस' लिहिलेल्या ओळीवर थांबतात. नवा कर्नल जुन्या मशीनना चालत नाही का?
– एक शिक्षिका, तासगाव

बाई, आठ मशीन चालली आणि दोन अडली, यावरूनच दोष त्या दोन मशीनमध्ये असावा असे वाटते. अपडेटनंतरचा रिस्टार्ट हा पुष्कळदा महिन्याभरातला पहिला रिस्टार्ट असतो. आधीच मुरलेले दोष त्या दिवशी बाहेर येतात आणि आळ कर्नलवर जातो. खात्रीची परीक्षा सोपी आहे: मेनूतून जुना कर्नल निवडा. तोही तिथेच अडला तर कर्नल निर्दोष आहे.

त्या ओळीवर 'एक्झिट' लिहून एंटर दाबा. अडण्याचे कारण पुन्हा छापले जाते. ते दोन प्रकारचे असते.

'अनएक्सपेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली' असे असेल तर फाइलसिस्टीम बिघडली आहे. मशीन शट डाउन न करता बटण बंद केले की असे होते. संदेशात पार्टिशनचे नाव असते, समजा '/डेव्ह/एसडीए२'. 'एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२' द्या, संपले की 'एक्झिट'. पण मध्येच 'आय/ओ एरर' च्या ओळी धडाधड येऊ लागल्या तर थांबा. डिस्कचा पृष्ठभागच खराब होत आहे. अशा डिस्कवर दुरुस्तीचे लिहिणे म्हणजे उरलेलेही घालवणे. आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून मुलांचे काम बाहेर काढा.

'अलर्ट! यूयूआयडी... डझ नॉट एक्झिस्ट' असे असेल तर डिस्कच दिसत नाही. 'बीएलकेआयडी' देऊन पाहा. यादी रिकामी आली तर केबल काढून घट्ट बसवा आणि बायोसमध्ये जाऊन तारीख पाहा. तारीख कित्येक वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटणसेल संपला आहे. सेल संपला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, आणि साटा मोड एएचसीआयवरून रेड किंवा आयडीईवर गेला की डिस्क दिसेनाशी होऊ शकते. सेल बदला, मोड एएचसीआय करा, तारीख लावा. चुकीच्या तारखेचा आणखी एक त्रास असतो: एपीटी 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' म्हणून अपडेट नाकारतो, आणि एफएससीके डिस्कवरची शेवटची नोंद भविष्यातली असल्याचे सांगतो. सुट्टीत महिनाभर बंद राहिलेल्या जुन्या मशीनमध्ये हा सेल सर्वांत आधी तपासावा असे माझे मत आहे. सेल स्वस्त आहे. दहाही मशीनचे एकदमच बदलून घ्या.

प्रश्न: दुकानाचा हिशोब विंडोजच्या डी ड्राइव्हवर आहे आणि उबुंटूतूनही तोच वापरतो. अपडेटनंतर दीड मिनिट थांबून 'यू आर इन इमर्जन्सी मोड' येते.
– एक व्यापारी, वाई

ते दीड मिनिट हीच खूण आहे. एखादे पार्टिशन मिळत नसेल तर सिस्टीम ठरलेले ९० सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाते. एंटर दाबून किंवा पासवर्ड देऊन आत जा आणि 'जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर' द्या. कोणते पार्टिशन अडले त्याचे नाव दिसेल.

डी ड्राइव्ह एनटीएफएस आहे. ५.१५ पासून कर्नलमध्ये एनटीएफएस३ नावाचा नवा ड्रायव्हर आहे. विंडोजने ड्राइव्ह व्यवस्थित बंद केला नसेल तर तो 'व्हॉल्यूम इज डर्टी' म्हणून माउंट करायला नकार देतो, आणि तो नकार तुमच्या हिशोबाच्या भल्याचाच आहे. जबरदस्तीने माउंट करण्याचा पर्याय कुणी सुचवला तरी वापरू नका. विंडोजमध्ये जा, कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'सीएचकेडीएसके डी: /एफ' चालवा. मग 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या. याने फास्ट स्टार्टअप बंद होते आणि विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊ लागते.

उबुंटूत '/ईटीसी/एफएसटॅब' मध्ये डी ड्राइव्हच्या ओळीत पर्यायांच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन 'नोफेल' जोडा. म्हणजे ड्राइव्ह रुसला तरी सिस्टीम सुरू होईल. रिस्टार्टआधी 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' ने ती फाइल तपासून घ्या. स्वल्पविरामानंतर मोकळी जागा राहिली तर पूर्ण ओळ बिघडते.

प्रश्न: नव्या लॅपटॉपवर वायफाय चालावे म्हणून नेटवरून सर्वांत ताजा कर्नल टाकला. आता 'बॅड शिम सिग्नेचर' येते. विंडोजही त्याच लॅपटॉपवर आहे.
– एक विद्यार्थी, सातारा

तो कर्नल उबुंटूच्या सहीचा नाही आणि सिक्युअर बूट सही नसलेला कर्नल चढू देत नाही. बिघाड काहीच नाही. मेनूतून जुना कर्नल निवड, तो चालेल. मग नवा काढून टाक आणि 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४' टाक. तो सहीचा असतो आणि त्यात नव्या वायफायचे ड्रायव्हर येतात. फक्त 'लिनक्स-इमेज' एकटे टाकू नकोस. काही ड्रायव्हर 'मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' या वेगळ्या पॅकेजात असतात आणि ते राहिले की वायफाय पुन्हा गायब.

सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला मित्र देतील. त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन) चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घे. बायोसमधला तो एक बदल झाला की विंडोज ती मागू शकते, आणि की नसेल तर तिकडचा डेटा कायमचा गेला.

प्रश्न: आमच्या वजनकाट्याचा संगणक उबुंटूवर आहे. ऊस हंगामात ट्रॅक्टरांची रांग असते, तासभरही बंद ठेवता येत नाही. कर्नलची अपडेट कायमची बंद करावी का?
– एक वाचक, विटा

कायमची नको, सुरक्षेतली भोके त्याच अपडेटने बुजतात. हंगामापुरती थांबवा. 'सुडो एपीटी-मार्क होल्ड' पुढे 'लिनक्स-जेनेरिक लिनक्स-इमेज-जेनेरिक लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' असे द्या. एचडब्ल्यूई कर्नल असेल तर त्या नावाची पॅकेजे. आपोआप होणारी अपडेटही हा होल्ड पाळतात. गाळप संपले की 'होल्ड' च्या जागी 'अनहोल्ड'.

नवा कर्नल पहिल्यांदा चालवताना परतीची वाट आधी बांधून ठेवा. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फायलीत, कॅपिटल अक्षरांत, 'ग्रब_डिफॉल्ट=' पुढे स्मॉलमध्ये 'सेव्ह्ड' लिहा. 'ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू' करा, 'ग्रब_टाइमआउट=१०' ठेवा; इथेही बरोबरच्या खुणेपुढचा 'मेनू' स्मॉल अक्षरांत. 'क्वाएट स्प्लॅश' च्या ओळीत 'पॅनिक=३०' जोडा. मग 'सुडो अपडेट-ग्रब'. आता 'सुडो ग्रब-सेट-डिफॉल्ट "१>२"' ने जुना कर्नल कायमचा म्हणून ठरवा. मेनूतली मोजणी शून्यापासून असते: १ म्हणजे अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि त्यातली ० व १ नव्या कर्नलच्या दोन ओळी, २ म्हणजे त्याच्या मागचा कर्नल. शेवटी 'सुडो ग्रब-रीबूट ०' आणि रिस्टार्ट. नवा कर्नल फक्त या एका वेळेस निवडला जाईल. तो पॅनिक झाला तर ३० सेकंदांनी मशीन आपोआप रिस्टार्ट होऊन जुन्यावर येईल. नुसतेच अडकले तर बटण बंद-चालू केले की तेच. काट्यावरच्या माणसाला काही टाइप करावे लागणार नाही. /बूट एलव्हीएमच्या (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) आत असेल तर ग्रबला ही नोंद पुसता येत नाही, तेव्हा ही युक्ती साध्या पार्टिशनवरच वापरा.

नवा कर्नल सुरू झाला म्हणून लगेच कायम करू नका. काट्याचा इंडिकेटर यूएसबी-सिरियल केबलने जोडलेला असेल तर 'एलएस /डेव्ह/टीटीवाययूएसबी*' (यातले यूएसबी कॅपिटल अक्षरांत) ने पोर्ट दिसतो का, आणि वजनाच्या प्रोग्राममध्ये नाव घातलेले तेच आहे का ते पाहा. शून्य क्रमांकाचा पोर्ट कधी एक होऊन बसतो. सीएच३४० चिपची केबल असेल आणि पोर्ट दिसून लगेच नाहीसा होत असेल तर 'सुडो डीमेसेज' मध्ये 'बीआरएलटीटीवाय' हे नाव शोधा. उबुंटू २२.०४ मध्ये अंधांसाठीच्या ब्रेल यंत्राचा हा प्रोग्राम त्या चिपला आपलेच यंत्र समजून ताब्यात घेतो. काट्याच्या संगणकावर ब्रेल यंत्र वापरात नसेल तर 'सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' करावे. एक रिकामी आणि एक भरलेली ट्रॉली मोजून पावती छापून पाहा, आणि मग 'सुडो ग्रब-सेट-डिफॉल्ट ०' द्या.